हायस्कूलच्या सॉफ्टबॉल कोचकडे नक्की काय असायला हवं?

रानजाई
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक दहावीत आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर (बॉल टाकणारी) आहे. टीमच्या जुन्या कोच या सीझननंतर रिटायर होतायत. ॲथलेटिक डिरेक्टरने पालकांना बोलावलंय, नवीन कोच घेताना तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते सांगा म्हणून. निवड अर्थात शाळाच करणार. पण मीटिंगच्या आधीच पालकांचे दोन गट पडलेत. एका गटाला शाळेतलेच एक शिक्षक हवेत, ते स्वतः बेसबॉल खेळलेले, मुलांमध्ये प्रिय, शाळेत दिवसभर हजर असतात. दुसऱ्या गटाला बाहेरची एक तरुण कोच हवीय जी कॉलेजात डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर, खेळलीय आणि ट्रॅव्हल टीम (शाळेबाहेरची, टुर्नामेंट खेळणारी टीम) चालवते. व्हॉट्सॲपवर नुसती हमरीतुमरी चाललीय आणि मला दोन्हीकडचं अर्धं अर्धं पटतं. आमच्या घरात सगळे क्रिकेटवाले, सॉफ्टबॉल लेकीमुळेच कळायला लागला, त्यामुळे कोचला नेमकं काय विचारायचं असतं हेच कळत नाहीये. कोणाची मुलं खेळत असतील, कोणी स्वतः शिकवत असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

फिलीकर
आधी कागदपत्रांचं बघून घ्या, त्यात वाद घालायला जागाच नसते. आमच्या पेनसिल्व्हेनियात मुलांबरोबर काम करायचं तर तीन क्लिअरन्स (पूर्वतपासणीचे दाखले) लागतात, राज्य पोलिसांकडून गुन्ह्यांची तपासणी, चाइल्ड अब्यूज हिस्टरी आणि एफबीआयचे फिंगरप्रिंट. तुमच्याकडेही फिंगरप्रिंट आहेतच. शिवाय न्यू जर्सीत नुसतं उत्तम खेळता येतं म्हणून कोच होता येत नाही. स्कूल डिस्ट्रिक्टच्या नोकरीतला शिक्षक असेल तर ठीक, नाहीतर निदान सबस्टिट्यूट टीचरचं सर्टिफिकेट हवं. तर ती तरुण कोच आवडत असेल तर तिच्याकडे ते आहे का हे पहिलं विचारा, उगाच दोन महिने भांडून शेवटी कळायचं की तिला घेताच येत नाही.

कापूसकोंडा
टेक्सासमध्ये तर अजून कडक आहे. यूआयएलच्या (इथल्या शालेय स्पर्धा चालवणारी संस्था) नियमाने कोच डिस्ट्रिक्टचा फुल टाइम कर्मचारीच लागतो, रिटायर्ड शिक्षक वगैरे मोजके अपवाद. त्यामुळे इथे बरेचदा जागा निघते तीच "इतिहास शिक्षक आणि सॉफ्टबॉल कोच" अशी. याचा फायदा खरंच आहे. कोचला कॉरिडॉरमध्ये पोरी दिसतात, कोणाचे मार्क घसरलेत, कोणी जेवणाच्या सुट्टीत एकटीच बसतेय, हे त्याला आपोआप कळतं. बाहेरून चार वाजता येऊन सहाला जाणाऱ्या माणसाला यातलं काही दिसत नाही. माझं मत शाळेतल्या शिक्षकाला.

कर्दळ
कॅलिफोर्नियाचं सांगते. सीआयएफच्या (राज्याची शालेय क्रीडा संस्था) शाळांत कोचला फंडामेंटल्स ऑफ कोचिंगचा कोर्स, फर्स्ट एड आणि सीपीआर, कन्कशनचं (डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा धक्का) ट्रेनिंग आणि सडन कार्डिॲक अरेस्टचं (हृदय अचानक बंद पडणं) ट्रेनिंग एवढं सगळं लागतं, त्यातली शेवटची दोन दर दोन वर्षांनी परत करावी लागतात. बरेचसे कोर्स एनएफएचएसच्या (हायस्कूल खेळांची राष्ट्रीय संस्था) साइटवर ऑनलाइन होतात, कन्कशनचा तर फुकट आहे, पालकांनीही करावा असा आहे. मी केला आणि मग टीमच्या गप्पांमध्ये "काही नाही गं, डोकं गरगरलं जरासं" म्हणणाऱ्या बापांशी वाद घालायला बळ आलं.

पण रानजाई, सर्टिफिकेट आहे का एवढंच विचारून थांबू नका. एईडी मशीन (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं) नेमकं कुठे आहे हे विचारा. न्यू जर्सीत जॅनेट्स लॉ आहे, शाळेत एईडी आणि इमर्जन्सी प्लॅन दोन्ही असलंच पाहिजे असा कायदा. पण सॉफ्टबॉलचं मैदान बहुतेक शाळांत पार मागच्या बाजूला असतं, पार्किंग ओलांडून. मशीन जिमच्या भिंतीवर, जिमला संध्याकाळी कुलूप, आणि बॉल छातीवर बसून एखादी पोर कोसळली तर? तिथे मिनिटं मोजायची असतात. चांगला कोच याचं उत्तर लगेच देतो, किल्ली कोणाकडे, ॲम्ब्युलन्स कुठल्या गेटने आत येणार, गेटपाशी कोण उभं राहणार. ज्याला हे कधी सुचलंच नाही त्याच्या भिंतीवर दहा सर्टिफिकेटं असली तरी माझी पोर मी पाठवणार नाही.

रानजाई
कर्दळ, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आमचं मैदान खरंच टेनिस कोर्टांच्याही मागे आहे. फिलीकर, सबस्टिट्यूट सर्टिफिकेटचं उद्याच विचारते.

तिसरा_बेस
मी ओहायोत काही वर्षं हायस्कूल सॉफ्टबॉलला अंपायर म्हणून उभा राहतो, मैदानावरून जे दिसतं ते सांगतो.

"बेसबॉल खेळलाय म्हणजे सॉफ्टबॉल येतच असणार" हा समज काढून टाका. बेसमधलं अंतर ६० फूट आहे, बेसबॉलसारखं ९० नाही. पिचर ४३ फुटांवरून टाकते, पूर्वी हायस्कूलला ४० होतं. तासाला ६० मैलांचा बॉल तिथून अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर, म्हणजे बॅटरपाशी, येतो. रनरला आधीच बेस सोडून लीड घेता येत नाही, बॉल पिचरच्या हातातून सुटल्यावरच निघायचं. त्यामुळे बंटचा (बॅटने बॉल हलकेच जवळ पाडणं) डिफेन्स वेगळा, शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फिल्डर) कुठे उभं राहायचं ते वेगळं, बेसची चोरी वेगळी, आणि डावखुऱ्या स्लॅपर पोरी पळत पळत बॅट लावतात तो प्रकार तर बेसबॉलमध्ये जवळपास नाहीच. बेसबॉलवाले कोच पहिल्या वर्षी इन्फिल्ड इतकी मागे ठेवतात की साधा टोलवलेला बॉलसुद्धा हिट होऊन जातो.

दोन्ही उमेदवारांना इंटरव्ह्यूत डीपी-फ्लेक्स (एकीच्या जागी दुसरीने बॅटिंग करायचा नियम) समजावून सांगायला सांगा. फ्लेक्स फक्त फिल्डिंगला, तिच्या जागी डीपी बॅटिंग करते, मग डीपी फिल्डिंगलाही येऊ शकते, फ्लेक्स डीपीच्या जागी बॅटिंग करू शकते, पण दोघी एकाच वेळी बॅटिंग ऑर्डरमध्ये नकोत. ज्याने नियमांचं पुस्तक मन लावून वाचलंय त्याला हे दोन मिनिटांत सांगता येतं, आणि याचा उपयोग करून बेंचवरच्या एका जास्तीच्या मुलीला रोज खेळवता येतं. ज्याला येत नाही तो तो कॉलम रिकामा सोडून लाइनअप कार्ड माझ्या हातात देतो.

अजून एक. मॅचच्या आधी प्लेटपाशी आम्ही दोन्ही हेड कोचना विचारतो, तुमच्या खेळाडूंचं सगळं साहित्य नियमात आहे ना, आणि त्यांनी हो म्हणायचं असतं. ती त्यांची जबाबदारी, आमची नाही. काहीजण बॅगकडे न बघताच हो म्हणतात. मी एकदा हो ऐकल्यानंतर पहिल्याच बॅटरच्या हेल्मेटवर तडा बघितला, जाळीच्या स्क्रूपासून कानापर्यंत गेलेला. मुलीला माहीत होतं, ती म्हणाली कोचना सांगितलं होतं. असं व्हायला नको.

तरी सुद्धा मी शिक्षकाला सरळ बाद करणार नाही. गणिताचा असो वा इतिहासाचा, ज्याला शिकायची सवय आहे तो एका हिवाळ्यात नियम आणि डावपेच शिकतो. शिकवायची हातोटी मात्र एका हिवाळ्यात येत नाही.

दूरचा_डोंगर
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आपण मुलींना इतक्या लांब प्रॅक्टिसला ने-आण करतो, हजारो डॉलर घालतो, मग कॉलेजात खेळायची संधी मिळावी असं वाटणं चूक आहे का? डिव्हिजन वन खेळलेल्या कोचचे कॉलेज कोचेसशी संबंध असतात. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संस्था) नियमाने सॉफ्टबॉलमध्ये अकरावीच्या १ सप्टेंबरपासून कॉलेज कोच थेट बोलू शकतात, म्हणजे धागाकर्तीच्या मुलीला ते लवकरच लागू होणार. अशा वेळी ओळखीपाळखी असलेली कोच मिळत असेल तर माझं मत डोळे झाकून तिला.

चाफेकळी
दूरचा_डोंगर काका, मी स्वतः इथेच हायस्कूल आणि नंतर कॉलेजात (डिव्हिजन थ्री) खेळलेय म्हणून लिहितेय, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. कॉलेज कोच मुली बघायला बहुतेक ट्रॅव्हल बॉलच्या टुर्नामेंटना येतात, कारण एका वीकेंडला एकाच ठिकाणी पन्नास टीम दिसतात. हायस्कूल कोचची शिफारस लागते, फोन येतो, पण फोनवर काय विचारतात माहितेय? ती चुकल्यावर कशी वागते, बेंचवर बसवलं तर कशी वागते, मार्क कसे आहेत. हे प्रामाणिकपणे सांगायला कोच तिला नीट ओळखत असायला लागतो. त्यासाठी मोठं नाव नाही लागत.

आणि मला सगळ्यात जास्त फरक कशाने पडला ते सांगते. नववीत मी जेव्ही (शाळेची दुय्यम) टीमवर होते, खेळायला मिळायचं नाही. आमच्या कोचनी सीझनच्या सुरुवातीला प्रत्येकीला वेगळं बसवून स्पष्ट सांगितलं, तू सध्या तिसरी कॅचर आहेस, वर यायचं असेल तर दुसऱ्या बेसवरचा थ्रो या वेळेत यायला हवा आणि वाकडे बॉल अंगाने अडवता यायला हवेत. घरी येऊन रडले, पण काय करायचंय ते कळलं होतं. पुढच्या एका कोचनी कधीच काही सांगितलं नाही, लाइनअप डगआऊटच्या भिंतीवर चिकटवायचे आणि निघून जायचे, आणि आम्ही सगळ्या मैत्रिणी एकमेकींवर संशय घेत बसायचो की हिने काय केलं, तिच्या आईने काय केलं. टीम त्यानेच फुटली. मुलीला तोंडावर खरं सांगता येणं, ही मला वाटतं खूप मोठी पात्रता आहे.

सह्यमित्र
मंडळी, मी खानदेशातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. धागा अमेरिकेतला असला तरी आमच्याकडे सॉफ्टबॉल शालेय स्पर्धांमध्ये आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे पात्रता म्हणजे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी). ते झालं की तोच माणूस कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, सॉफ्टबॉल सगळं घेतो. बी.पी.एड.ला शरीररचना, सराव कसा वाढवायचा, दुखापती हे सगळं शिकवतात, पाया चांगला असतो, पण विंडमिल पिचिंग (हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकणं) मी शिकलो ते जुन्या खेळाडूंच्या मागे लागून. जळगाव, अमरावती या बाजूला असे खेळाडू भेटतात म्हणून बरं.

आमच्याकडचं एक दुखणं सांगतो. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे काही ठिकाणी स्पर्धेच्या तोंडावर टीम उभी करतात, पोरींना ग्लव्ह कुठल्या हातात घालायचा इथपासून सुरुवात. अशा टीमच्या पिचरकडून पंधरा दिवसांत जे करून घेतात ते बघवत नाही. सर्टिफिकेट मिळतं, खांदा जातो. मी माझ्या मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलंय की जूनपासून सराव झाला नसेल तर मी प्रवेशिकेवर सही करणार नाही.

आणि मुलींची टीम बाहेरगावी जाते तेव्हा बरोबर शिक्षिका हवीच. निवासाच्या खोल्या, रात्रीचा प्रवास, फोनवरचे मेसेज, सगळ्याचे नियम आधी लिहून पालकांना द्यायचे. पॉक्सो कायदा (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा) २०१२ पासून आहे पण कायदा घडून गेल्यावर कामाला येतो, कोचने आपल्या वागण्याची चौकट स्वतः आधी आखायची. तुमच्या मीटिंगमध्ये हे जरूर विचारा, कोच मुलींना एकेकटीला मेसेज करणार का, की ग्रुपवर पालकांसकट.

फिजिओ_उमरावती
सह्यमित्र सरांनी खांद्याचा विषय काढला म्हणून आता मला लिहावंच लागेल, माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये पिचर बऱ्याच असतात.

विंडमिल खालून टाकतात, "नैसर्गिक हालचाल आहे, कितीही टाका काही होत नाही" हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलंय, कोचकडूनसुद्धा. ते खरं नाही. हात पूर्ण गोल फिरून खाली येतो आणि बॉल सुटायच्या आसपास बायसेप्सवर आणि खांद्याच्या पुढच्या बाजूच्या कंडऱ्यावर जबरदस्त ताण येतो. म्हणून या मुलींचं दुखणं खांद्याच्या बरोबर पुढच्या बाजूला असतं, बोट ठेवून दाखवतात. त्यात पाय लांब टाकून अडकवून थांबायचं असतं, म्हणजे कंबर आणि गुडघाही आला.

आता मुद्द्याचं. बेसबॉलमध्ये २०१७ पासून प्रत्येक राज्याला पिचच्या संख्येवर मर्यादा आणि मधल्या विश्रांतीचे नियम ठेवावेच लागतात. सॉफ्टबॉलला राष्ट्रीय नियमात अशी मर्यादा नाही. म्हणजे शाळेत एकच चांगली पिचर असेल तर सोमवारी सात इनिंग, बुधवारी सात, शुक्रवारी सात, शनिवारी-रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी अजून तीन मॅच, हे सगळं नियमात बसतं. अंपायर थांबवणार नाही, शाळा थांबवणार नाही. मुलगी स्वतः कधीच थांबत नाही, चौदा-पंधरा वर्षांची पोर टीम जिंकत असताना दुखतंय म्हणत नाही. थांबवायला फक्त कोच उरतो.

म्हणून माझ्या मते हायस्कूल सॉफ्टबॉल कोचची खरी परीक्षा इथे आहे. त्या दोन्ही उमेदवारांना विचारा, तुम्ही पिच मोजता का, वहीत लिहिता का, वीकेंडला ट्रॅव्हल टीमसाठी किती टाकले हे सोमवारी विचारता का, दुसरी आणि तिसरी पिचर तयार करायला तुमची काय योजना आहे, आणि चुरशीच्या मॅचमध्ये पहिल्या पिचरला तुम्ही शेवटचं कधी काढून घेतलंत. या शेवटच्या प्रश्नाला जो लगेच उदाहरण देतो त्याला घ्या. जो म्हणतो "ती लढवय्यी आहे, ती बाहेर यायला तयारच नसते", त्याला माझ्या दृष्टीने हे काम देऊ नये, मग तो कुठल्या का डिव्हिजनला खेळलेला असेना.

दूरचा_डोंगर
फिजिओ मॅडम, मुद्दा समजतो, पण मुलीला खरंच बरं वाटत असेल आणि फायनल असेल तरीही काढायचं? मग स्पर्धा कशाला खेळायची?

फिजिओ_उमरावती
फायनलला जरूर खेळवा. मार्चपासून जपून वापरली असेल तर मे-जूनमधल्या फायनलला तिचा खांदा शाबूत असतो. मी बोलतेय ते एप्रिलमधल्या मॅचबद्दल, जिथे टीम ९-० ने पुढे आहे आणि तीच पोर अजून टाकतेय कारण दुसरी पिचर तयारच केलेली नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक केसेस अशा साध्या आठवड्यांतल्या असतात, फायनलच्या नाहीत.

तिसरा_बेस
फिजिओ मॅडमना पूर्ण अनुमोदन. प्लेटमागून आम्हाला दिसतं, पाचव्या इनिंगनंतर एखादीचा बॉल वर वर राहायला लागतो, दोन पिचच्या मध्ये हात झटकते, खांदा फिरवते. आम्हाला बोलायचा अधिकार नाही. काही कोच तेवढ्यात टाइम मागून सर्कलकडे, म्हणजे पिचरपाशी, चालत जातात, काही स्कोअरबुकात मान घालून बसतात.

कर्दळ
यात डोक्याच्या माराचंही धरा. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पहिला कायदा केला, आता सगळ्या ५० राज्यांत आहे, कन्कशनचा संशय आला की त्याच दिवशी खेळात परत नाही. तिथे नियम आहे म्हणून कोच ऐकतात. खांद्याला नियम नाही म्हणून ऐकत नाहीत. आमच्या शाळेत पालकांनी मिळून मागणी केली आणि ॲथलेटिक डिरेक्टरने शाळेपुरती पिचची नोंदवही सुरू केली, कुठल्या कायद्याची वाट बघितली नाही. तुम्हालाही हे मागता येईल, कोच कोणीही होवो.

कापूसकोंडा
मी वर शिक्षकाला मत दिलं होतं, अजूनही कल तिकडेच आहे, पण एक भर घालतो. हेड कोच शिक्षक आणि ती तरुण मुलगी असिस्टंट, खास पिचर-कॅचरसाठी, असं होत नाही का? मुलींच्या टीमला डगआऊटमध्ये एक बाई असलेली बरीच. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये असिस्टंटचा वेगळा स्टायपेंड असतो, फार नसतो पण असतो.

चाफेकळी
+१. फक्त हेड कोचनी पिचिंगचे निर्णय तिच्यावर ढकलून मोकळं होऊ नये. कोणाचा शब्द शेवटचा ते आधी ठरवा, नाहीतर मुलगी दोघांच्या मध्ये अडकते, एक म्हणतो टाक, एक म्हणतो थांब.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. मीटिंग काल झाली. सबस्टिट्यूट सर्टिफिकेट तिच्याकडे आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. एईडी आणि गेटचं विचारल्यावर ॲथलेटिक डिरेक्टर प्रामाणिकपणे म्हणाले की वसंतातल्या खेळांसाठी प्लॅन नव्याने लिहायला हवा, आणि ट्रेनरला तिथेच फोन लावला. मेसेज फक्त ग्रुपवर हे त्यांनी लगेच मान्य केलं. पिचच्या नोंदवहीवर मात्र बराच वेळ गेला, दोन वडील म्हणाले याने मुली नाजूक होतील. मी फिजिओ मॅडमचं एप्रिल आणि मे-जूनचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, आता इंटरव्ह्यूत दोघांना तो शेवटचा प्रश्न विचारणार आहेत. कापूसकोंडांची असिस्टंटची कल्पनाही बोलून ठेवलीय.

रात्री लेकीला विचारलं, तुझं मत काय. म्हणाली, मागच्या वर्षी खांदा दुखायचा तेव्हा मी जुन्या कोचना सांगितलं नाही कारण माझ्यानंतर टाकायला कोणी नव्हतंच. आम्हालाही सांगितलं नव्हतं तिने. फिजिओ मॅडम, आता दुखत नाही म्हणते, तरी सीझनच्या आधी दाखवावं का?

फिजिओ_उमरावती
दाखवाच, आणि हिवाळी प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी दाखवा. बघणाऱ्याला पिचर आहे हे आवर्जून सांगा, नुसता हात वर-खाली करून "रेंज चांगली आहे" म्हणून सोडून देतील. खांद्याच्या पाठीमागच्या स्नायूंची ताकद, एका पायावरचा तोल आणि कंबर बघायला सांगा. जमलं तर तिच्या पिचिंगचा बाजूने काढलेला व्हिडिओ घेऊन जा, शेवटच्या इनिंगमधला असेल तर जास्त चांगलं, ताज्या दमाचा नको.

सह्यमित्र
रानजाई ताई, तुमच्या मीटिंगमधून ती नोंदवही कशी आखली ते ठरलं की इथे टाका, मीही आमच्या शाळेत तशीच लावतो. तारीख, सराव की मॅच, किती टाकले, दुसऱ्या दिवशी दुखतंय का, एवढे चार रकाने पुरतील असं वाटतं. मुलीनेच भरायची, आणि शेजारी माझी रोजची सही.